तांबे गुरुजींच्या घरातली विझलेली तबकडी

चकत्या वाचायचं यंत्र, आमचा रीडर, सुरू केला की मला खुर्चीत बसवत नसे. आत चकती तापायला लागली की मी उठायची, टेबलाला हात टेकून उभी राहायची, खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. आमचे साळवी सर म्हणायचे, "शिवलकर मॅडम, तुम्ही येरझारा घातल्यात म्हणून ती लवकर तापणार नाही." ते खरंच होतं. पण आमच्या कामातली गोची अशी, की चकती एकदाच बोलते. ती तापली, तिनं उजेड दिला, आपण तो मोजला की संपलं. पुन्हा विचारायला गेलात तर पाटी कोरी. त्यामुळे नेमक्या त्याच क्षणी वीज गेली किंवा यंत्र अडलं, तर कुणाच्या तरी घरातली तीन महिन्यांची माहिती कायमची गेली. ही धास्ती मी नोकरीभर बाळगली. निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं, तरी कुकरची शिट्टी होईपर्यंत मी ओट्याजवळून हलत नाही. घरचे हसतात.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा सहायक होते. घर भाट्याला, त्यामुळे पूल ओलांडला की कॉलेज. आधीची बरीच वर्षं मुंबईत काढली होती आणि तिथंही हेच काम, क्ष-किरण विभागांत काम करणाऱ्यांचे बिल्ले वाचायचं. एक्सरे काढणाऱ्या माणसाच्या छातीवर प्लास्टिकचा चौकोनी बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यावर नंबर असतो. आत तीन बारीक चकत्या असतात, पांढऱ्या, बिंदीपेक्षा थोड्या मोठ्या. सगळी करामत त्या चकत्यांची.

ती कशी, ते सोपं करून सांगते. चकतीत एका क्षाराची पूड असते. पूड दिसते पिठासारखी, पण तिचा प्रत्येक कण म्हणजे स्फटिक. स्फटिकात अणू शाळेतल्या मुलांसारखे रांगेत, ठरल्या अंतरावर उभे असतात. आता त्या रांगांत मुद्दाम थोडे परके अणू घुसवायचे. ते नीट बसत नाहीत आणि त्यांच्यामुळे रांगेत खड्डे पडतात. बाहेरून किरण आला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन उडतात आणि त्यांतले काही या खड्ड्यांत अडकून बसतात. महिनोन्‌महिने बसतात. आपण चकती तापवली की ते सुटून जागेवर जातात आणि जाताना उजेड देतात. जितका किरणांचा मारा झाला असेल, तितका उजेड जास्त. निर्दोष स्फटिक आमच्या काही कामाचा नाही. खड्डे हवेत, आणि तेही पाहिजे तितकेच खोल. उथळ असले तर इलेक्ट्रॉन घरच्या उष्म्यानंच सुटून जातात, फार खोल असले तर तापवूनही बाहेर पडत नाहीत.

मुंबईत एका बिल्ल्यानं एकदम भयंकर आकडा दाखवला होता. ज्याचा बिल्ला, त्याला बोलावून घेतलं. चांगला धडधाकट माणूस. तिन्ही चकत्यांवर वेगवेगळ्या जाडीचं झाकण असतं, त्यामुळे कुठल्या जातीचे किरण किती आणि साधारण कुठून आले, याचा अंदाज येतो. याच्या बिल्ल्यावर ते समोरून, एकाच जागी, एकदम आलेले. म्हटलं, "अंगावर होता तेव्हा तुम्ही जरासुद्धा हलला नाहीत का हो?" माणूस ओशाळला. त्याला बदली हवी होती, म्हणून बिल्ला यंत्राखाली ठेवून बटण दाबलेलं. मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. अशाच एखाद्या आकड्याला आपण खोटा म्हणू आणि तो खरा निघेल, ही ती भीती.

कॉलेजातलं आमचं काम मात्र वेगळं होतं. आपल्याकडे जमिनीतून, दगडातून, आभाळातून थोडे किरण सगळीकडे येतच असतात. जांभ्या चिऱ्याच्या घरात किती, मातीच्या घरात किती, सिमेंटच्या घरात किती, एवढंच सरांना मोजायचं होतं. त्यासाठी गुहागरपासून देवरुखच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत घराघरांत बिल्ले टांगायचे, तीन महिन्यांनी गोळा करायचे आणि वाचायचे.

लोकांनी त्या बिल्ल्यांचं काय काय केलं! गुहागरकडच्या एका आजींनी तो देव्हाऱ्यात ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं. चकतीपर्यंत पिवळं झालेलं. एका बाईनं पोराला ताप आला म्हणून दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधला. "उतरला ना ताप," ती मला म्हणाली, आणि परत द्यायला तयार होईना. एकानं दमटपणा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरला. त्याचं मला कौतुक वाटलं, पण वाचन वाया गेलं.

देवरुखच्या पुढे एका डोंगरावर बौद्धवाडी आहे. तिथं आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी बिल्ला हातात धरायला तयार नव्हतं. किरण हा शब्द ऐकूनच बाया मागं सरकल्या. "आमच्याच वाडीत कशाला? वरच्या वाडीत का नाय लावत?" असं विचारणं झालं. त्यांचं चूक नव्हतं. बाहेरून येणारा माणूस काहीतरी घ्यायलाच येतो, हा अनुभव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला.

तिथं विलास तांबे पुढं आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, अर्धी वाडी त्यांच्या हाताखालून शिकलेली. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. त्यांनी माझ्या हातातला बिल्ला घेतला, उलटसुलट पाहिला आणि सगळ्यांना म्हणाले, "हा काय देत नाय, काय घेत नाय. फक्त मोजतो. मोजण्याला कसली भीती? पहिला माझ्या घरात लावा." त्यांच्या मागून एकेक घर तयार झालं. निघताना त्यांच्या पत्नीनं, शालनवहिनींनी, आम्हाला कोकम सरबत दिलं. मी ओटीवर बसून भराभर नंबर लिहीत होते. दुसरीकडची गाडी गाठायची होती. गुरुजींनी घरात बिल्ला नेमका कुठं टांगला, ते मी आत जाऊन पाहिलं नाही.

तीन महिन्यांनी बिल्ले आले आणि मी वाचायला घेतले. आमचा रीडर जुना, एकेक चकती हातानं ठेवायची. या वाडीच्या बिल्ल्यांचे आकडे एकापाठोपाठ एक सरळ, कंटाळवाणे येत होते. मग गुरुजींच्या बिल्ल्यातली पहिली चकती ठेवली. पडद्यावरची रेघ चढायला लागली आणि चढतच राहिली. पडद्यात मावेना. शेजारच्या घराच्या कितीतरी पट.

मी रीडर बंद केला. उरलेल्या दोन चकत्यांना हातसुद्धा लावला नाही आणि सरांना बोलावलं.

साळवी सर घाईचा माणूस नव्हे. त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "घाण असेल का? हळदकुंकू?"

"घाण असली की रेघ शेवटाला नुसती वर वर जाते सर. ही मधेच चढून नीट उतरलीय. जिथं उतरायला हवी तिथंच."

"मग उरलेल्या दोन वाचू. पण आपण दोघं मिळून."

दुसरी चकती मी उभ्यानंच ठेवली. सर म्हणाले, "बसा." बसले नाही. दुसरीनंही तेच सांगितलं, तिसरीनंही. जाड झाकणाखालची असो की उघडी, तिघींचे आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे एक्सरेसारखे लेचेपेचे किरण नव्हते. जाड झाकणातून आरपार जाणारं काहीतरी त्या घरात होतं, आणि ते बहुधा अजूनही तिथंच होतं.

सर म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. घर बघितल्याशिवाय कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

मला एकदम आठवलं. बिल्ले गोळा करायला गेले होते तेव्हा गुरुजींची मुलगी प्रज्ञा दारात आली होती. मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा महिना असावा. "मॅडम, आमचा पेपर कसा गेला ते कळवा हां," असं ती हसून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गाडीत मी मांडीवर मीटर घेऊन बसले होते. हे हातात धरायचं यंत्र. त्यातही एक स्फटिकच असतो, पण तो काही साठवून ठेवत नाही. किरण शिरला की तेवढ्यापुरता लुकलुकतो आणि यंत्र टिकटिक करतं. कोकणच्या हवेनं तो विरघळून जाईल, म्हणून त्याला धातूच्या डबीत बंद केलेला असतो. हातखंबा गेलं, पुढचा घाट गेला. मी दर थोड्या वेळानं मीटर चालू करून बघत होते. उगाच. रस्त्यावर काय असणार होतं?

गुरुजी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. आम्हाला न कळवता आलेलं पाहून त्यांनी हात झटकले. "काय झालं?"

सरांनी सरळ सांगितलं. "गुरुजी, तुमच्या घरचा आकडा फार वर आलाय. कशामुळे ते शोधायला आलोय. आत येऊ का?"

गुरुजींनी वाटेतून बाजूला होत दार मोकळं केलं. मी मीटर चालू करून ओटीवर पाऊल टाकलं. टिक… टिक… नेहमीसारखं. माजघरात जरा वाढलं. मधल्या खोलीच्या उंबऱ्यात आणखी. खोलीत खाट होती आणि खाटेवर प्रज्ञा उशीला टेकून काहीतरी विणत होती. समोरच्या भिंतीकडे मीटर नेलं तसं ते तडतडायला लागलं. भिंतीवर एक पितळी तबकडी होती. जेवणाच्या ताटाएवढी, जाड काचेची, आत आकडे आणि एकाच जागी थांबलेला काटा. तीन महिने बिल्ला याच खिळ्याला, तिच्या अगदी कडेला अडकवला होता, असं गुरुजींनी सांगितलं. चिऱ्याच्या भिंतीत नवा खिळा कोण ठोकणार, म्हणून.

"हे काय आहे, गुरुजी?"

"ते? दादांचं." दादा म्हणजे त्यांचे वडील, गुणाजी तांबे. "ते मुंबईला जुन्या बोटी फोडायच्या कामावर होते. एका बोटीवरचं यंत्र आहे हे, वाफेचा दाब दाखवणारं. तिकडून येताना घेऊन आले. आम्ही लहान असताना वाडीत वीज नव्हती तेव्हा हे हिरवंगार चमकायचं. आजूबाजूची पोरं बघायला यायची. मग हळूहळू विझलं. आता मेलंय ते, मॅडम. नुसती आठवण म्हणून ठेवलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला दोघांनाही कळलं होतं.

त्या काळी अशा आकड्यांना रेडियम मिसळलेला रंग देत. रेडियमचे किरण त्या रंगातल्या दुसऱ्या एका पुडीवर आदळत आणि ती पूड चमके. पण ते किरण फार जवळून आणि फार जोरात आदळतात. दर क्षणाला त्या पुडीच्या स्फटिकांवर घाव. आधी मी ज्या अणूंच्या रांगा सांगितल्या, त्या वर्षानुवर्षं मार खाऊन मोडतात, विस्कटतात. रांगा मोडल्या की स्फटिक चमकणं सोडतो. विझते ती पूड. रेडियम जसंच्या तसं असतं, आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांनाही पुरेल इतकं. चमक गेली म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं आणि तिथंच घात होतो.

मी हे सांगत असताना शालनवहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "आणि माझी पोरगी?"

प्रज्ञानं विणकाम बाजूला ठेवलं होतं. दोन्ही हात पोटावर. मी खाटेपाशी गेले.

"तुझी खाट पहिल्यापासून इथंच आहे?"

"नाही. उकडतं म्हणून सरकवते मी. कधी खिडकीपाशी, कधी इकडे."

"भिंतीपाशी? त्या भिंतीपाशी कधी?"

तिनं आठवायला वेळ घेतला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. "तिथं कपाट आहे ना," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या पलीकडे खाट जातच नाही."

मी गुडघ्यावर बसून मीटर खाटेवर ठेवलं. उशीपाशी, मध्यावर, पायाशी. मग खाट सरकवायला लावून, ती जिथं जिथं नेत असे तिथं तिथं ठेवलं. किरणांचं एक बरं असतं, अंतर दुप्पट केलं की ते चौथाईवर येतात. तबकडीला चिकटलेल्या बिल्ल्यानं जे सोसलं होतं, ते खाटेपर्यंत येता येता अगदी थोडं उरत होतं. अंगणातल्या मोजणीहून जरासं जास्त, इतकंच. सरांनी कागदावर हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला. मग प्रज्ञासमोर स्टुलावर बसून म्हणाले, "बाळा, भिण्यासारखं नाही. एका एक्सरेलासुद्धा याहून जास्त लागेल. तरी रत्नागिरीतल्या डॉक्टरांना दाखवू, मी स्वतः बोलेन त्यांच्याशी. तू आजपासून दुसऱ्या खोलीत झोप."

प्रज्ञानं मान हलवली. मग हळू आवाजात विचारलं, "सर, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?"

"नाही," सर म्हणाले. "हे बघ." आणि त्यांनी तिच्या हातात कागद दिला. ती बँकेत नोकरीला होती, आकडे तिला परके नव्हते. तिनं ओळ न्‌ ओळ वाचली.

एव्हाना अंगणात माणसं जमली होती. मीटरचा आवाज शेजारच्या खिडकीत ऐकू गेला होता. कुणीतरी म्हणालं, "गुरुजींच्या घरात किरण निघाले." शिकवणीला आलेली दोन मुलं पायरीवरूनच माघारी गेली. सर हळूच म्हणाले, "गुरुजी, आम्ही ही वस्तू बाजूला काढतो. मुंबईच्या अणुऊर्जा खात्याला कळवतो, त्यांची माणसं येऊन घेऊन जातील. वाडीत बोभाटा नको असेल तर…"

गुरुजींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "मीच सगळ्यांना सांगितलं मोजण्याला भिऊ नका म्हणून. आता माझा आकडा लपवू? विहारात या सगळे. आत्ता."

बुद्धविहार लहानसा, पत्र्याचा. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. प्रज्ञाही आली. घरात एकटी बसेना. गुरुजींनी उभं राहून आपल्या घरचा आकडा सांगितला, शेजारच्यांचा सांगितला, तबकडीचं सांगितलं. आवाज शाळेत फळ्यापुढं असतो तसा स्वच्छ, पण हातातला चष्मा ते सारखा उघडत मिटत होते.

एक तरुण उठला. "बिल्ले लावले नसते तर काय झालं नसतं. ह्यांनीच आणलं हे." बोट माझ्याकडे.

"बिल्ल्यानं आणलं नाही," गुरुजी म्हणाले. "माझ्या बापसानं आणलं. बिल्ल्यानं दाखवलं."

तेव्हा मागून खाकरल्याचा आवाज आला. धोंडूआबा. वाडीतले सर्वांत वयस्क, गुणाजी तांब्यांच्या जोडीनं बोटी फोडायला गेलेले. ते भिंतीला धरून उभे राहिले.

"गुणाजी एकटा नव्हता," ते म्हणाले. "आमी समदेच गेलेलो. त्या बोटीवर तसली लय व्हती. मुकादम म्हनला, घ्या काय पायजे ते. ज्यानं त्यानं एकेक घेतलं. आमची पोरान्‌ कवाच इकली. पन तानीच्या घरात असंल. सोनूच्यात असंल."

विहारात एकदम गलका झाला. सगळे एकमेकांना विचारायला लागले. या घरांतही आमचे बिल्ले होते. पण वस्तू माळ्यावर पेटीत, बिल्ला ओटीवर, आणि मधल्या अंतरानं सगळं लपवलं. आकडे सरळ आले म्हणून मी त्यांच्यापुढे बरोबरची खूण करून मोकळी झाले होते.

या गलक्यात दोघी तिघी बायका उठून बाहेर गेल्या, ते माझ्या लक्षात उशिरा आलं. पाहते तर एक बाई टोपलीत काहीतरी घेऊन येतेय आणि तिच्यामागून तानीबाई पदरात गुंडाळलेलं, छातीशी धरून.

"आणू नका! तिथंच ठेवा! खाली ठेवा!" मी ओरडले.

"अगो, तूच म्हनालीस ना वाईट हाय म्हनून," तानीबाई म्हणाल्या. "मंग घ्या की."

मी प्रज्ञाला दंडाला धरून मागच्या दारानं जवळजवळ ढकललंच. मग मीटर घेऊन पुढं पळाले. टोपलीतलं होकायंत्र धड होतं. तानीबाईंची तबकडी फुटलेली. काच नव्हतीच, आकड्यांवरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता आणि त्याची भुकटी त्यांच्या पदराला लागलेली. मीटर लुगड्याजवळ नेलं तशी टिकटिक एकमेकींत मिसळून नुसती घरघर झाली. काचेआडची वस्तू परवडते, तिला लांब ठेवता येतं. भुकटी हाताला लागते, हातानं तोंडात जाते, आणि एकदा हाडांत जाऊन बसली की कुठलं अंतर आणि कुठलं काय.

"तानीबाई, हात कुठं लावू नका. तोंडाला तर नाहीच. आणि हे लुगडं आत्ताच्या आत्ता बदलायला हवं."

"हितं?"

"हितंच."

"ह्या वयात लुगडं फेडाय लावतंस, मेली," त्या म्हणाल्या, पण आवाज फुटका होता. शालनवहिनींनी घरून दोन चादरी आणून आडोसा धरला. स्वतःच्या पोरीचं काय होईल हे मनात असताना ती बाई दुसरीसाठी चादर धरून उभी होती आणि सारखं सांगत होती, "मी हाय ना काकू. कुणी बघत नाय." मी हातमोजे घालून लुगडं जाड पिशवीत भरलं, तोंड घट्ट बांधलं. तानीबाईंचे हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले, दर वेळी मीटर लावलं. नखांच्या कडांना बराच वेळ टिकटिक राहिली. बारीक ब्रशनं घासून घासून ती गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नात पन कुणी माजं हात येवडं धुतलं नव्हतं." आडोशापलीकडे कुणीतरी हसलं. मी हसले नाही, मला रडू येत होतं.

सरांनी तोवर सगळ्या वस्तू वाडीपासून लांब, कातळावरच्या एका कोरड्या दगडी टाकीत ठेवल्या, वर चिरे रचले. गुरुजींची तबकडी तिथवर त्यांनी स्वतः नेली. आम्ही लांब दांड्याला बांधून दिली होती. ठेवल्यावर ते तिथून लगेच हलले नाहीत.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "दादा हाडांच्या दुखण्यानं गेले. शेवटी कूस बदलवत नव्हती. ते ह्याच्यानं?"

या प्रश्नाची मी सकाळपासून वाट पाहत होते आणि तो येऊ नये म्हणून धावपळ करत होते. "माहीत नाही, गुरुजी."

"अंदाजानं?"

"अंदाजानं सांगता येत नाही. त्यांनी असली किती फोडली, भुकटी किती उडाली, किती आत गेली. तेव्हा कुणी मोजलंच नाही."

गुरुजींनी मान डोलावली. तीस वर्षं पोरांना उत्तरं देणारा माणूस एवढ्याशा उत्तरावर कसा थांबणार? पण थांबले.

मुंबईहून त्या खात्याची माणसं शिसाची पिंपं घेऊन आली आणि सगळं घेऊन गेली. त्यांनी घराघरात तपासणी केली, तानीबाईंच्या घरची जमीन दोनदा पुसून काढली, त्यांना तपासायला मुंबईला नेऊन आणलं. आत फारसं गेलं नव्हतं. त्या परत आल्या त्या नव्या लुगड्यात, आणि वाडीला विमानतळाच्या गोष्टी सांगत. विमानतळ त्यांनी गाडीतूनच पाहिला होता. गुरुजींची शिकवणी मात्र बरेच दिवस रिकामी होती. मग एकेक मूल परत यायला लागलं, काही आलीच नाहीत.

प्रज्ञाचे दिवस भरेपर्यंत मी काय केलं ते मलाच माहीत. सरांचा हिशेब मी घरी पुन्हा केला, रजेच्या दिवशी पुन्हा केला. उत्तर तेच येत होतं आणि तेवढ्यानं भागत नव्हतं. शेवटी एका दुपारी गुरुजींचा फोन आला. मुलगी झाली, दोघी खुशाल. मी प्रयोगशाळेतच होते. रीडर चालू होता, आणि तो तसाच टाकून मी बाहेर जाऊन उभी राहिले. ती एक चकती वाया गेली असेल. असो.

नामकरणाला आम्हा दोघांना बोलावणं होतं. विहारात तीच माणसं, तोच पत्रा. प्रज्ञानं मूल माझ्या मांडीवर दिलं. चांगलं दणदणीत, मुठी आवळलेल्या. जेवणं झाल्यावर धोंडूआबा काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसले.

"बाय," ते म्हणाले, "त्यो बिल्ला मला लाव एक."

"तुम्हाला कशाला, आबा?"

"मी बी फोडलीत की तसली. गुणाजीबराबर. हाताला हिरवा रंग लागायचा, आमी एकामेकाच्या तोंडाला फासायचो. मजा म्हून. मंग माज्यात किती गेलं त्ये कळंल का?"

"नाही आबा. बिल्ला लावला की लावल्या दिवसापासूनचं कळतं. मागचं नाही."

"मागचं कायच कळत नाय?"

मी गप्प बसू शकले असते. पण मला ते जमत नाही, आणि त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं. म्हणून सांगितलं, की माणसाच्या अंगात एकच जागा अशी आहे, की तिथं स्फटिक असतात आणि ते आयुष्यभर बदलत नाहीत. दातावरचं कवच. मोठा मारा झाला असेल तर त्याची खूण तिथं राहते आणि मोठ्या प्रयोगशाळेत ती वाचता येते. मात्र त्यासाठी दात लागतो. किडलेला, पडलेला, कसलाही चालतो, त्याच माणसाचा हवा.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हातांनी ओठ फाकवून तोंड उघडलं.

"बग," ते तशाच बोबड्या आवाजात म्हणाले, "मागं कुठं एकादा ऱ्हायलाय का."

मी खरंच वाकून बघितलं. आधी वर, मग खाली, मग मोबाइलची बॅटरी लावून अगदी शेवटपर्यंत.